मोत्या घरात राहू शकेल का?

कोकणातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा गेल्या पावसाळ्यात फोन आला. तिच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. दोन वर्षांपासून तिला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, डोळे खाजून लाल होतात आणि पावसाळ्यात रात्री छातीत घरघर होते. घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. तो पिल्लू असल्यापासून तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी झोपतो. डॉक्टरांनी बालदम्याचे निदान केले आणि बोलता बोलता सांगितले, "घरात कुत्रा असेल तर तो आधी काढा."

त्या दिवसापासून मुलीची तक्रार एकदम बंद झाली. घरच्यांना वाटले, औषधाला गुण आला. बाईंच्या मात्र लक्षात आले की कवायतीच्या तासाला मैदानाच्या दोन फेऱ्यांतच ती धापा टाकते आणि खोकल्याची उबळ आली की पाठ फिरवून रुमालात दाबते. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, घरी सांगू नका. मोत्याला कुठेतरी सोडून येतील."

दम्याच्या मुलाने त्रास लपवणे ही साधी गोष्ट नाही. वेळीच उपचार झाले नाहीत तर दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो. शेवटी बाईंनी मुलीला विश्वासात घेऊन तिच्या आईशी बोलणे केले. मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. काका म्हणाले, मोत्याला दूरच्या वाडीत सोडून या. मुंबईच्या आत्याने सांगितले की केस न गळणारे, ज्यांची ॲलर्जी होत नाही असे परदेशी कुत्रे मिळतात, महाग असतात पण मिळतात. आणखी कोणी तरी म्हणाले, "कुत्र्यांत वाढलेल्या मुलांना दमा होत नाही, पेपरात आले होते. होईल हळूहळू सवय." यातले खरे काय, असे मैत्रीण मला विचारत होती.

मी डॉक्टर नव्हे. माझे काम प्रथिनांवर चालते. तेव्हा कोणते औषध द्यावे हे या लेखात नाही. पण कुत्र्याची ॲलर्जी हा मुळात प्रथिनांचा मामला आहे आणि तो समजला की वरच्या सल्ल्यांपैकी कोणता किती पाण्यात आहे ते आपले आपणच ठरवू शकतो.

केस नव्हे, प्रथिन

आपण सहज म्हणतो की अमक्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे. केस बिचारा निर्दोष असतो. त्रास देतात ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असणारी काही विशिष्ट प्रथिने. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे सतत सुटत राहतात आणि ही प्रथिने धुळीला चिकटून घरभर पसरतात. केस हे त्यांचे फक्त वाहन.

या प्रथिनांना नावे देण्याची पद्धत विद्यार्थ्यांना आवडेल. प्राण्याच्या शास्त्रीय नावातील पहिल्या शब्दाची तीन अक्षरे, दुसऱ्या शब्दाचे एक अक्षर आणि पुढे क्रमांक. कुत्रा म्हणजे कॅनिस फॅमिलिॲरिस. म्हणून त्याचे पहिले प्रथिन 'कॅन एफ १'. मांजराचे 'फेल डी १'. 'कॅन एफ १' हे लायपोकॅलिन कुळातले आहे. या कुळातील प्रथिनांचा आकार पेल्यासारखा असतो आणि त्या पेल्यातून तेलकट स्वरूपाचे छोटे रेणू वाहून नेले जातात. घोडा, गाय, उंदीर यांच्या ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी बरीच याच कुळातली आहेत.

या यादीतील पाचव्या क्रमांकाची गंमत वेगळीच आहे. 'कॅन एफ ५' हे प्रथिन कुत्र्याच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते आणि मूत्रावाटे बाहेर येते. अर्थात ते फक्त नरातच असते. ॲलर्जीकारक म्हणून त्याची ओळख २००९ साली पटली. काही माणसांना कुत्र्याच्या इतर कोणत्याही प्रथिनाचा त्रास होत नाही, फक्त याच एकाचा होतो. अशा माणसाला मादीबरोबर राहणे जमू शकते! "मला शेजारच्या कुत्रीचा काहीच त्रास होत नाही, आमच्या कुत्र्याचा होतो" असे कोणी म्हटले तर त्याला हसू नये.

आता प्रश्न असा की एका निरुपद्रवी प्रथिनाने शिंका का याव्यात? याचे उत्तर देणारा पहिला नेमका प्रयोग १९२१ सालचा आहे. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ या शहरात कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोघे काम करत. क्युस्टनरला मासे सोसत नसत. प्राउसनिट्झने क्युस्टनरच्या रक्तातील द्रव (सीरम) स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लाल, खाजरी गांधी उठली. एरवी प्राउसनिट्झला माशांचा काही त्रास नव्हता. म्हणजे ॲलर्जी करणारे 'काहीतरी' रक्तात असते आणि एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात नेता येते, हे सिद्ध झाले. (रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीमुळे असा प्रयोग आज कोणी करत नाही, आणि तुम्हीही करू नका.)

ते 'काहीतरी' हाती लागायला आणखी ४५ वर्षे जावी लागली. १९६६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी त्या प्रतिपिंडाचा छडा लावला. १९६८ साली त्याला 'आयजीई' हे नाव मिळाले. रक्तात ते अत्यल्प असते, म्हणूनच इतकी वर्षे ते सापडत नव्हते.

ज्याला ॲलर्जी व्हायची असते त्याचे शरीर कुत्र्याच्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई बनवू लागते. ही प्रतिपिंडे नाक, डोळे, श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या टप्प्याला संवेदनशील होणे म्हणतात आणि यात बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कधी तेच प्रथिन पुन्हा आले आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रतिपिंडांना त्याने जोडले की मास्ट पेशी आपल्या पोटातील हिस्टामीन व इतर रसायने ओतून मोकळी होते. मिनिटांत शिंका, खाज, पाणी. कित्येकांत काही तासांनी दुसरी लाट येते. वेगळ्या पेशी तिथे गोळा होतात, श्वासनलिकेचे अस्तर सुजते. संध्याकाळी कुत्र्याशी खेळलेले मूल मध्यरात्री खोकत उठते, त्याचे एक कारण हे आहे.

शिवाय सुजलेली श्वासनलिका हळवी होते. मग चुलीचा धूर, थंड हवा, धावणे, साधे पडसे अशी कोणतीही गोष्ट झटका आणायला पुरते.

कवडशातील धूळ

कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो. त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. शाळेत हा प्रयोग खिडक्या बंद करून आणि एका फटीतून उन्हाची तिरीप आत घेऊन करता येईल. एक चादर जोरात झटका आणि किती वेळ कण दिसत राहतात ते घड्याळ लावून पाहा. मोठे कण लगेच खाली बसतात, बारीक मात्र तरंगतच राहतात.

का ते गणिताने दाखवता येते. स्थिर हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा, २० मायक्रॉन व्यासाचा कण १ मीटर खाली यायला साधारण दीड मिनिट घेतो. ५ मायक्रॉनचा कण २० मिनिटांहून अधिक. २ मायक्रॉनचा दोन तासांहूनही जास्त! आणि घरातील हवा कधीच स्थिर नसते. हवेत तरंगणाऱ्या कुत्र्याच्या ॲलर्जीकारकापैकी सुमारे पाचवा हिस्सा ५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांवर असतो, असे मोजमापांत आढळले आहे. असे कण नाकात न अडकता खोल श्वासनलिकेपर्यंत जातात.

हेच कण चिवट असतात आणि कपड्यांना चिकटून प्रवास करतात. अमेरिकेतील ८३१ घरांच्या धुळीची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक घरांत कुत्रा नव्हता, तरी कुत्र्याचे ॲलर्जीकारक सर्वच्या सर्व घरांत सापडले.

शिक्षकांनी याहूनही लक्ष द्यावी अशी एक पाहणी स्वीडनमधील आहे, मांजरांबद्दलची. दमा आणि मांजराची ॲलर्जी असलेली, पण स्वतःच्या घरी मांजर नसलेली ६ ते १२ वर्षांची मुले त्यांनी निवडली. उन्हाळी सुट्टीच्या शेवटी आणि शाळा सुरू झाल्यावर त्यांची फुंकरीची ताकद, त्रास आणि औषधे यांची नोंद ठेवली. ज्यांच्या वर्गात १८ टक्क्यांहून अधिक मुलांकडे मांजर होते, त्यांचा दमा शाळा उघडल्यावर बळावण्याची शक्यता इतर वर्गांतील मुलांच्या नऊपट निघाली. २००१ सालचा हा अभ्यास आहे. वर्गात मांजर कधी आलेच नव्हते. आले होते ते दोस्तांच्या कपड्यांवरून. आपल्याकडे वर्गांची दारेखिडक्या उघडी असतात, गालिचे नसतात, त्यामुळे परिस्थिती इतकी टोकाची नसावी. पण सुट्टीत बरे असलेले मूल शाळा सुरू झाल्यावर खोकू लागले तर 'शाळा बुडवण्याचे निमित्त' म्हणण्याआधी हे आठवावे.

ॲलर्जी न होणारा कुत्रा

आत्याबाईंच्या महागड्या कुत्र्याचा इतिहास फार जुना नाही. १९८० च्या दशकात हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियात वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉन्रॉन यांनी कुरळ्या, न गळणाऱ्या केसांच्या पूडल जातीचे तब्बल ३३ कुत्रे तीन वर्षांत पारखले. या कामाला एकही उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडोर मादी आणि पूडल नर यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस आणि लाळ त्यांनी हवाईला पाठवली. पैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. १९८९ साली 'लॅब्राडूडल' हे नाव जगापुढे आले आणि अशा कुत्र्यांची झुंबड उडाली. पुढे २००८ साली अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या बराक ओबामांनी मुलींना पिल्लू कबूल केले होते आणि थोरल्या मुलीला ॲलर्जी होती. एप्रिल २००९ मध्ये 'बो' नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग व्हाइट हाऊसमध्ये आला, आणि या जातींचा भाव आणखी वाढला.

पण मूळ गोष्ट नीट वाचा. एकाच आईबापांची तीन पिल्ले, केस साधारण सारखे, आणि एका विशिष्ट माणसाला त्यातील एकच चालले. हा गुण जातीचा नव्हता, त्या एका कुत्र्याचा आणि त्या एका माणसाचा होता. कॉन्रॉन यांनी चांगले केले ते हे की जातीवर विसंबून न राहता नमुना पाठवून तपासले. हा धडा मात्र बाजाराने उचलला नाही. स्वतः कॉन्रॉन यांनी २०१९ साली आपल्या या निर्मितीबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

२०१२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा 'निर्दोष' जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या केसांतील 'कॅन एफ १' मोजले. निर्दोष म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत ते उलट जास्त निघाले! त्यांच्या घरांतील हवेत इतरांपेक्षा कमी प्रथिन नव्हते. लॅब्राडूडलच्या घरात जमिनीवरील धुळीत काय ते थोडे कमी होते. एकाच जातीतील दोन कुत्र्यांतही पुष्कळ फरक होता. हे प्रथिन बनवतच नाही अशी जात नाही. हजारो रुपये मोजून कुत्रा आणायचा आणि वर्षाने त्यालाही घराबाहेर काढायचे, हे मुलाच्याही नशिबी येऊ नये आणि कुत्र्याच्याही.

आता 'कुत्र्यांत वाढलेल्या मुलांना दमा होत नाही' या बातमीकडे वळू. ती खोटी नाही, अर्धवट आहे. स्वीडनमध्ये २००१ पासून कुत्र्यांची नोंदणी सक्तीची आहे. तिचा आणि जन्म-आजारांच्या नोंदींचा मेळ घालून लाखो मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत सहाव्या वर्षी दम्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. शेतावर गुराढोरांत वाढलेल्यांत ते जवळजवळ निम्म्यावर होते. मात्र १३ टक्के म्हणजे किती? समजा १००० मुलांपैकी ४० जणांना दमा व्हायचा, तर तो ३५ जणांना झाला. तेही इतर गोष्टींचा परिणाम पूर्ण वेगळा काढता आला असे धरून. कारण ज्या घरात आधीच दमा आहे ती घरे कुत्रा आणतच नाहीत. २०१२ साली युरोपातील ११ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पाळीव प्राण्यांचा दम्यावर बरा किंवा वाईट कोणताच परिणाम दिसला नव्हता.

आणि मुख्य मुद्दा असा की हे सगळे प्रतिकारशक्तीचे शिक्षण चालू असताना, म्हणजे अगदी तान्ह्या वयातले आहे. एकदा आयजीई तयार होऊन मास्ट पेशींवर बसले की चित्र पालटते. मग प्रत्येक भेट ही सवय लावणारी नसून सूज टिकवणारी ठरण्याची शक्यता अधिक. सातवीतल्या, दमा असलेल्या मुलीला 'होईल सवय' म्हणून तसेच ठेवणे हा बातमीचा विपर्यास आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आरोपी तोच आहे का ते पाहणे. कोकणातील दमट घरात शिंका आणि घरघर म्हटल्यावर माझे पहिले बोट मोत्याकडे जाणार नाही, ते गादीकडे जाईल. गाद्या-उशांत माइट नावाचे आठ पायांचे सूक्ष्म जीव राहतात. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमटपणा मानवतो. सकाळी अंथरुणातून उठताना शिंका येणे हे त्यांच्याही ॲलर्जीचे लक्षण आहे. त्वचेवर थेंब ठेवून बारीक टोचून करायच्या चाचणीत माइट, कुत्रा, झुरळ, बुरशी, परागकण असे अनेक अर्क एकाच वेळी तपासता येतात आणि २० मिनिटांत निकाल कळतो. चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, हे डॉक्टरांना विचारून करायचे. गांधी उठली म्हणजे प्रतिपिंड आहे. त्रास त्यामुळेच होतो का, हे रोजच्या अनुभवाशी ताडून ठरवावे लागते.

कुत्रा दोषी ठरला तरी दोष मात्रेचा असतो. झोपायच्या खोलीत आणि अंथरुणावर त्याला पूर्ण बंदी, हे सर्वांत महत्त्वाचे. कारण मूल दिवसातले आठ-नऊ तास तिथेच श्वास घेते. कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते काम त्या मुलाला देऊ नये. कुत्र्याला आंघोळ घातल्याने ॲलर्जीकारक कमी होते खरे, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्वपदावर येते. आठवड्यातून दोनदा घालणार असाल तरच उपयोग. कुत्र्याची कातडी कोरडी पडली तर कोंडा वाढेल, तेही पाहायचे. गाद्या-गोधड्या कडक उन्हात घालून बाहेर झटकाव्यात, हा आजीचा नेम माइटसाठी आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. ॲलर्जीची लस टोचण्याचा उपाय माइट आणि परागकणांसाठी बराच पारखला गेला आहे. कुत्र्यासाठी त्याचा पुरावा तुलनेने तोकडा आहे.

एवढे करून आणि औषधे नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर कुत्र्यासाठी दुसरे घर शोधावे लागते. तिथे भावनेला मान देऊन चालत नाही. तेव्हाही आठवड्यात फरक दिसेल अशी अपेक्षा नको. मांजर बाहेर गेल्यावर घरातील तिचे ॲलर्जीकारक पुरते ओसरायला पाच-सहा महिने लागू शकतात. कुत्र्याच्या बाबतीतही धीर धरावा लागतो. आणि दुसरे घर म्हणजे ओळखीचे घर. दूरच्या वाडीत सोडून येणे म्हणजे त्या प्राण्याला उपाशी मारणे, शिवाय लस न मिळणाऱ्या भटक्या कुत्र्यांत एकाची भर टाकून रेबीजचा धोका वाढवणे.

मैत्रिणीला मी आणखी एक सुचवले. फुंकरीची ताकद मोजणारी 'पीक फ्लो मीटर' नावाची साधी नळी औषधांच्या दुकानात मिळते. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोराने फुंकायचे, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. स्वतःच्या चांगल्या दिवसाच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेले तर सावध व्हायचे, निम्म्याखाली गेले तर तातडीने डॉक्टरांकडे. पण मुलगी आकडा खोटा लिहील, अशी मैत्रिणीला शंका होती, आणि ती रास्त होती. म्हणून आधी आईवडिलांनी तिला शब्द दिला: आकडा कितीही खाली आला तरी त्यावरून मोत्याला हलवणार नाही, निर्णय झाला तर डॉक्टरांबरोबर, तिला समोर बसवून होईल.

चाचणी झाली. माइट आणि कुत्रा, दोन्हींची गांधी उठली. मोत्याची जागा आता पडवीत आहे. पहिल्या तीन रात्री तो दाराशी कुंईकुंई करत राहिला, मग रुळला. मुलगी अंगणात त्याच्याशी खेळते आणि आत येताना हातपाय धुऊन कपडे बदलते. तिची औषधाची फवारणी नियमित चालू आहे. आकड्यांचा आलेख ती गणिताच्या वहीतील आलेख कागदावर काढते आणि दर शनिवारी बाईंना दाखवते. पहिल्या महिन्यात त्यात खोल खड्डे आहेत. ते तिने खरे लिहिले आहेत.

मध्यंतरी बाईंनी वर्गात 'कॅन एफ ५' ची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, "बाई, मोत्या नर आहे. मला फक्त त्या पाच नंबरचीच असेल तर?" रक्तातील आयजीई प्रत्येक प्रथिनासाठी वेगळे मोजण्याची सोय आहे. तिच्या डॉक्टरांना विचारून रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला आहे. अहवाल अजून यायचा आहे.